चौदाव्या वर्षी दिलेला शब्द



‘अमेरिकेतील मुलींचा लॅक्रोस आणि कॉलेजप्रवेश’ हा विषय कार्यक्रमपत्रिकेत वाचून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. लॅक्रोस हा शब्दच आपल्या कानांना परका. तरीपण या खेळाचा आणि आपल्या मुंबईचा एक धागा अलीकडे जुळला आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अधिवेशन मुंबईत भरले होते. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेट खेळले जाणार, हा निर्णय तेथे झाला आणि आपली वर्तमानपत्रे त्या बातमीने भरून गेली. त्याच निर्णयात क्रिकेटबरोबर आणखी चार खेळ होते आणि त्यांतला एक लॅक्रोस. १९०४ आणि १९०८ साली या खेळासाठी ऑलिंपिक पदके दिली गेली होती. त्यानंतरचा हा त्याचा पहिलाच पदकप्रवेश.

परंतु ऑलिंपिकविषयी मी आज बोलणार नाही. ऑलिंपिकला जाणाऱ्या मुली मूठभर. त्यांच्यामागे हजारो मुली आहेत, ज्या कॉलेजात जागा मिळावी म्हणून हा खेळ खेळतात. त्यांची निवड कशी होते, केव्हा होते आणि त्यासाठी त्यांना काय द्यावे लागते, हा माझा आजचा विषय आहे.

प्रथम खेळाची ओळख करून घेऊ. हातात एक काठी, तिच्या टोकाला जाळीची लहानशी झोळी. त्या झोळीत रबराचा टणक चेंडू झेलायचा, धावता धावता तो खाली पडू नये म्हणून काठी हातात झुलवीत ठेवायची आणि अखेर सहा फूट उंच व सहा फूट रुंद अशा गोलात तो भिरकवायचा. कॉलेजांतल्या स्त्रियांच्या सामन्यात एका बाजूला बारा जणी असतात. पुरुषांच्या खेळात अंगावर धडकून जाणे चालते; स्त्रियांच्या खेळात त्याला पुष्कळ बंधने आहेत. त्यामुळे तेथे चपळाईला, फेकीला आणि झेलीला अधिक मोल. आपल्यापैकी ज्यांची लेक किंवा नात न्यू जर्सीत वा मेरीलँडमध्ये आहे, त्यांनी अशी एखादी काठी दाराआड उभी असलेली पाहिलीही असेल.

हा खेळ मूळचा उत्तर अमेरिकेतल्या आदिवासी राष्ट्रांचा. होडेनोशोनी लोक, ज्यांना युरोपियनांनी इरोक्वा म्हटले, ते याला विधात्याने दिलेला खेळ मानतात. आजाऱ्याला बरे वाटावे म्हणूनही तो खेळण्याची त्यांच्यात रीत आहे. ‘लॅक्रोस’ हे नाव फ्रेंचांनी दिले. माँट्रियलचे एक दंतवैद्य विल्यम जॉर्ज बीअर्स यांनी १८६७ साली त्याचे नियम बांधून दिले. मुलींकडे हा खेळ आला तो मात्र वळसा घेऊन. स्कॉटलंडमधील सेंट लिओनर्ड्स या मुलींच्या शाळेच्या पहिल्या मुख्याध्यापिका लुइसा लम्सडेन यांनी तो उत्तर अमेरिकेत पाहिला, त्यांना तो आवडला, आणि १८९० साली त्या शाळेत मुलींचा पहिला सामना झाला. त्याच शाळेत शिकलेल्या रोझाबेल सिंक्लेअर यांनी १९२६ साली तो बाल्टिमोरच्या ब्रिन मॉर शाळेत नेला. म्हणजे अमेरिकेच्या मातीतला खेळ अमेरिकेच्या मुलींना स्कॉटलंडमार्गे मिळाला. पुढे कित्येक वर्षे तो पूर्वकिनाऱ्यावरच्या सधन खाजगी शाळांतच राहिला.

मग तो वाढला कसा? येथे एका कायद्याचा उल्लेख केला पाहिजे. १९७२ साली अमेरिकेने ‘टायटल नाइन’ नावाने प्रसिद्ध असलेला कायदा केला. सरकारी पैसा घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेला स्त्री-पुरुष असा भेद करता येणार नाही, असे त्याने ठरविले, आणि ही गोष्ट क्रीडांगणालाही लागू झाली. आता तेथील विद्यापीठांचे अमेरिकन फुटबॉलचे संघ शंभराच्या आसपास गड्यांचे. त्यांच्या तोलाला मुलींच्या जागा उभ्या करायच्या, तर ज्यात एका वेळी तीस-पस्तीस मुली सामावतात असा खेळ सोयीचा. लॅक्रोस तसा होता. कॉलेजांमागून कॉलेजांनी मुलींचे संघ काढले. एन.सी.ए.ए. ही जी आंतरमहाविद्यालयीन क्रीडासंस्था आहे, तिने १९८२ पासून स्त्रियांचे अजिंक्यपद सुरू केले. आज त्या देशात शाळांतून हा खेळ खेळणाऱ्या मुली लाखाच्या घरात आहेत, आणि एन.सी.ए.ए.च्या कॉलेजांतून खेळणाऱ्या बारा-तेरा हजार. एका चांगल्या कायद्याने मुलींसाठी दार उघडले, ही गोष्ट आरंभीच मान्य करू. कारण पुढे जे सांगायचे आहे ते त्या दाराशी जमलेल्या गर्दीविषयी आहे.

आता कोणी विचारील की, शाळेत खेळणारी मुलगी कॉलेजच्या प्रशिक्षकाने शाळेतच पाहावी. मध्ये हे ‘क्लब’ प्रकरण कशाला? त्याचे कारण अगदी व्यावहारिक आहे. शाळांचा लॅक्रोसचा मोसम वसंत ऋतूत, आणि कॉलेजांचाही तेव्हाच. ज्या दिवसांत मुली शाळेकडून खेळतात त्या दिवसांत प्रशिक्षक आपल्याच संघात गुंतलेला असतो. त्याला सवड मिळते ती जून-जुलैत. तेव्हा शाळा बंद. ही पोकळी खाजगी क्लबांनी भरून काढली. उन्हाळ्यात व शरदात हे क्लब आपापले संघ घेऊन मोठमोठ्या स्पर्धांना जातात. एकेका ठिकाणी डझनावारी मैदाने आखलेली, सकाळपासून सामने चाललेले, आणि रेषेबाहेर घडीच्या खुर्च्यांवर निरनिराळ्या कॉलेजांचे प्रशिक्षक हातात यादी घेऊन बसलेले. यादीत मुलीचा क्रमांक, तिची जागा, तिचे शाळेतले गुण आणि शाळा संपण्याचे वर्ष. प्रशिक्षकाला एका दिवसात शेकडो मुली पाहता येतात. त्याच्या दृष्टीने यापेक्षा स्वस्त आणि सोयीची व्यवस्था नाही. खुद्द प्रशिक्षकांच्या संघटनेच्या नावानेही अशा स्पर्धा भरतात.

परंतु जे प्रशिक्षकाला स्वस्त पडते ते आईबापांना महाग पडते. क्लबची वर्गणी, पोशाख, काठ्या, विमानाचे भाडे, हॉटेलची खोली, खास शिकवणी, खेळाच्या चित्रफिती तयार करण्याचा खर्च, असे सारे मिळून वर्षाकाठी अनेक हजार डॉलर होतात, आणि हे पाच-सहा वर्षे चालते. ज्या घरात दोन नोकऱ्या करून भाडे भरले जाते त्या घरातली मुलगी शाळेत कितीही चपळ असली, तरी जुलैत त्या मैदानावर पोचत नाही. आणि जी पोचत नाही ती यादीतही येत नाही. कॉलेजांतल्या लॅक्रोस खेळाडू बहुसंख्येने गोऱ्या आहेत, यामागे हेही एक कारण आहे. निवड न्याय्य आहे की नाही हे मैदानावर कळते. परंतु मैदानावर यायला तिकीट आहे, हे मैदानावरून दिसत नाही.

‘एवढा खर्च करतात तो शिष्यवृत्ती मिळावी म्हणून,’ अशी सर्वांची समजूत असते. थोडा हिशेब मांडू. एन.सी.ए.ए.चा सर्वांत वरचा विभाग, ज्याला पहिला विभाग म्हणतात, त्यात २०२४-२५ पर्यंत एका संघाला जास्तीत जास्त बारा पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत. संघ छत्तीस जणींचा धरला आणि समान वाटणी केली, तर एकीच्या वाट्याला तिसरा हिस्सा येतो. शिवाय सगळीच कॉलेजे पुऱ्या बारा देत नव्हती. तिसऱ्या विभागात खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायचीच नाही असा नियम आहे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन यांच्या आयव्ही संघातही ती नाही, तेथे साहाय्य मिळते ते घरची गरज पाहून. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या एका मोठ्या तडजोडीने ही बाराची मर्यादा गेली. त्या तडजोडीत सामील झालेल्या कॉलेजांना आता हव्या तितक्या शिष्यवृत्त्या देता येतात, पण संघात अडतीसपेक्षा अधिक मुली ठेवता येत नाहीत. देता येतात याचा अर्थ दिल्या जातातच असा नव्हे. तात्पर्य, पुष्कळ घरांत सहा वर्षांत जे गेले तेवढेही शिष्यवृत्तीच्या रूपाने परत येत नाही.

मग शहाणीसुरती माणसे हे का करतात? कारण खरे बक्षीस निराळे आहे. ते आहे प्रवेश. ज्या कॉलेजात शंभर अर्जांतून पाच-सात मुले घेतली जातात, तेथे प्रशिक्षकाला काही थोड्या नावांची शिफारस करता येते, आणि त्या शिफारशीला वजन असते. २०१८ साली हार्वर्डच्या प्रवेशपद्धतीविरुद्ध बोस्टनच्या न्यायालयात खटला चालला. त्यात सहा वर्षांच्या प्रवेशांची छाननी झाली, आणि प्रशिक्षकांनी निवडलेल्या खेळाडूंपैकी सुमारे ८६ टक्क्यांना प्रवेश मिळाल्याचे दिसून आले. एकंदर अर्जदारांत हे प्रमाण दहा टक्क्यांच्याही खाली होते. हे खेळाडू आधीच पारखून घेतलेले असतात, त्यांचे गुण प्रवेशकचेरीने अगोदर पाहिलेले असतात, हे जमेस धरले तरी फरक केवढा! काही खाजगी विद्यापीठांतला एका वर्षाचा एकूण खर्च आता ९० हजार डॉलरांवर गेला आहे. तो भरावयाची तयारी असलेले आईबापही या जिन्याने चढू पाहतात, ते पैसे वाचावेत म्हणून नव्हे, दार उघडावे म्हणून. ज्या दाराची किंमत एवढी वाढते त्याच्या खोट्या किल्ल्याही बाजारात येतात. २०१९ च्या मार्चमध्ये अमेरिकेत मोठे प्रकरण उघडकीस आले. श्रीमंत पालकांनी एका दलालामार्फत काही प्रशिक्षकांना लाच देऊन, जी मुले तो खेळ खेळतही नव्हती त्यांना खेळाडू म्हणून कॉलेजांत घुसविले होते.

आता मी ज्या गोष्टीसाठी हा विषय घेतला त्या गोष्टीकडे येतो.

बक्षीस मोठे आणि जागा थोड्या असल्या की जो तो आधी हात घालू पाहतो. एका प्रशिक्षकाने अकरावीतली मुलगी हेरली, तर दुसऱ्याने दहावीतली हेरली. मग तिसऱ्याने नववीतली. होता होता ही घसरगुंडी आठवीपर्यंत आली. तेरा-चौदा वर्षांच्या मुली अमुक विद्यापीठात जाण्याचा ‘शब्द’ देऊ लागल्या आणि प्रशिक्षक त्यांना जागेचा ‘शब्द’ देऊ लागले. लहान मुलीला प्रशिक्षकाने फोन करू नये असा नियम होता. पण मुलीने प्रशिक्षकाला केला तर चालत असे. तेव्हा प्रशिक्षक क्लबच्या माणसाला सांगे, ‘तिला अमुक वाजता मला फोन करायला सांगा.’ नियमाचे अक्षर पाळले जाई आणि आशय वाऱ्यावर जाई. हा शब्द कायद्याने कोणालाच बांधत नसे. खरी सही व्हायची ती बारावीच्या वर्षात. म्हणजे चार वर्षे एका बाजूला शाळकरी मुलगी आणि दुसऱ्या बाजूला विद्यापीठ, आणि मध्ये केवळ तोंडचा शब्द.

जरा विचार करा. जिने अजून बीजगणिताची पहिली पायरी ओलांडली नाही, जिची उंची वाढते आहे, जिला उद्या डॉक्टर व्हावेसे वाटेल की चित्रकार याची तिला स्वतःला कल्पना नाही, तिला विचारायचे की बाई, अठराव्या वर्षी तू कोणत्या गावी राहशील? आपल्याकडे मुलीचे आयुष्य बालवयात ठरवून टाकण्याची चाल मोडण्यासाठी किती जणांनी जन्म वेचला, हे या सभागृहात सांगण्याची आवश्यकता नाही. दोन गोष्टींची बरोबरी मी करीत नाही. कॉलेज बदलता येते. परंतु ‘तुला आत्ता कळत नाही, पण ही जागा पुन्हा येणार नाही’ हा सूर ओळखीचा वाटतो एवढे मात्र खरे.

आश्चर्य असे की, हा प्रकार कोणालाच आवडत नव्हता. प्रशिक्षक कुरकुरत, कारण चौदा वर्षांची मुलगी अठराव्या वर्षी कशी खेळेल हे ज्योतिष त्यांनाही येत नव्हते. आईबाप कुरकुरत, क्लब कुरकुरत. तरी थांबत कोणी नसे. आपण उघड्यावरच्या नाटकाला बसलो असता पुढच्या रांगेतला एक जण उभा राहतो. त्याच्या मागचा नाइलाजाने उभा राहतो. थोड्या वेळाने सारा प्रेक्षकवर्ग उभा असतो, सर्वांचे पाय दुखतात, आणि पहिल्यापेक्षा अधिक कोणालाच दिसत नाही. अशा वेळी एकट्याने खाली बसून उपयोग नाही. त्याला फक्त पाठी दिसतील. सर्वांनी एकदम बसावे लागते, आणि त्यासाठी कोणीतरी सर्वांना मान्य असा नियम करावा लागतो.

तो नियम झाला एप्रिल २०१७ मध्ये. विशेष हे की, त्याची मागणी लॅक्रोसच्या प्रशिक्षकांच्या संघटनांनीच केली होती. मुलगी अकरावीत जाईल त्या वर्षीच्या १ सप्टेंबरपूर्वी पहिल्या विभागाच्या कोणत्याही प्रशिक्षकाने तिच्याशी प्रवेशासंबंधी बोलायचे नाही, तिने फोन केला तरी नाही, आणि क्लबच्या मध्यस्थीनेही नाही, असा तो नियम. एका फटक्याने शब्द देण्याचे वय चौदावरून सोळावर आले. मुलींना दोन वर्षे परत मिळाली. सोळावे वर्ष म्हणजे पोक्तपणा नव्हे, परंतु चौदा आणि सोळा यांत केवढे अंतर आहे हे घरात मुली वाढविलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

याने सर्व मिटले असे मात्र समजू नका. प्रशिक्षकाला बोलता येत नाही, पण पाहता येते. म्हणून नववी-दहावीच्या उन्हाळ्यात याद्या तयार होतातच. ३१ ऑगस्टच्या मध्यरात्री बारा वाजले की देशभर अकरावीतल्या मुलींचे फोन वाजू लागतात, आणि ज्यांचे वाजत नाहीत त्या मुली उशाशी फोन ठेवून जाग्या असतात. क्लबांतल्या संघांना नाव दिले जाते ते मुली शाळेतून ज्या वर्षी बाहेर पडतील त्या वर्षाचे. २०२५ साली पाचवीत गेलेली दहा वर्षांची पोर ‘२०३३’ च्या संघात खेळते. खेळायला आली ती, आणि तिच्या पाठीवर तारीख कॉलेजात जाण्याची!

आणि शब्दाचे काय? मुलीने शब्द फिरवला तर तिला बेइमान म्हणतात. मोठी माणसे मात्र परिस्थितीकडे बोट दाखवू शकतात. २०२० च्या मार्चमध्ये साथीमुळे मोसम बंद पडला, तेव्हा कॉलेजातल्या खेळाडूंना एक वर्ष वाढवून मिळाले. ते न्याय्यच होते, पण मागून येणाऱ्यांच्या जागा आक्रसल्या. २०१८ पासून एका कॉलेजातून दुसऱ्यात जाणे सोपे झाले. त्यामुळे प्रशिक्षकाला सोळा वर्षांच्या मुलीपेक्षा वीस वर्षांची तयार खेळाडू घेता येते. आणि मघाशी सांगितलेल्या तडजोडीत संघांच्या आकाराला मर्यादा येणार असे दिसताच, निरनिराळ्या खेळांतल्या कित्येक मुलामुलींच्या जागा आधीच काढून घेण्यात आल्या. एप्रिल २०२५ मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी तडजोड अडवून धरली, अशा मुलांसाठी काही सोय करा असे सांगितले, आणि ती झाल्यावरच जूनमध्ये मान्यता दिली. न्यायाधीशाला मध्ये पडावे लागले, यावरूनच त्या शब्दाची किंमत ध्यानात यावी.

लहानपणी हेरल्याशिवाय चांगला संघ होत नाही, असे म्हणणारे भेटतात. त्यांच्यासाठी शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाची हकीगत सांगतो. तेथे २००२ साली मुलींचा अधिकृत संघ नव्याने उभा राहिला. त्या भागात या खेळाची परंपरा नव्हती. प्रशिक्षिका केली अमाँटी हिलर यांनी आवारात धावणाऱ्या दोन जुळ्या बहिणी पाहिल्या, त्यांची चाल पाहून त्यांना संघात बोलावले. त्या मुलींनी लॅक्रोस खेळलेला नव्हता. २००५ साली हा संघ एकही सामना न हरता अजिंक्य ठरला, आणि पुढे २००९ पर्यंत दरवर्षी अजिंक्यपद त्याच्याकडेच राहिले. दरवेळी असे घडेल असे मी म्हणत नाही. परंतु आठवीतल्या यादीत नसलेल्या मुलीही जगात असतात, एवढे त्यावरून सिद्ध होते.

क्लब म्हणजे सारे लुटारू, असा माझा आरोप नाही. ज्या गावात शाळेचा संघच नाही तेथल्या मुलीला क्लबनेच खेळ शिकविला आहे. जिवाभावाच्या मैत्रिणी, हरणे पचविण्याची सवय, शरीराविषयीचा विश्वास, हे सारे मुलींना त्या मैदानावर मिळते आणि ते मोलाचे आहे. माझे म्हणणे एवढेच की, ते मोल कॉलेजच्या पत्रावर अवलंबून ठेवू नये. पत्र आले नाही म्हणून सहा वर्षे फुकट गेली असे ज्या मुलीला वाटते, तिच्याकडून खेळ कोणीतरी काढून घेतला आहे. तिकडे शहाणे मार्गदर्शक मुलींना एक प्रश्न विचारायला सांगतात: पहिल्याच आठवड्यात पाय मोडला आणि पुन्हा कधी खेळता आले नाही, तरी या कॉलेजात चार वर्षे राहायला आवडेल का? उत्तर ‘हो’ असेल तरच शब्द द्यावा. धावत्या खेळांत मुलींचे गुडघे मुलांपेक्षा अधिक दुखावतात, तेव्हा हा प्रश्न नुसता तोंडी लावण्यापुरता नाही.

शेवटी, २०१७ च्या त्या नियमातून घेण्यासारखे काय, ते सांगून मी थांबतो. स्पर्धेने मुलांचे बालपण खाल्ले म्हणून आपण हळहळतो आणि दोष देतो तो आईबापांच्या हावेला. पण एकेका घराचा विचार केला तर प्रत्येकाचे वागणे समजण्यासारखे असते. उभे राहिलेल्या गर्दीत आपल्या लेकीला कोण खाली बसवील? म्हणून उपदेश घरोघरी करून भागत नाही. ज्यांच्या हाती दार आहे त्यांनी एकत्र येऊन ‘या वयाच्या आधी आम्ही विचारणार नाही’ असे ठरवावे लागते. लॅक्रोसच्या प्रशिक्षकांनी ते उशिरा का होईना ठरविले. त्यांच्यातल्या प्रत्येकाला एकेक चांगली खेळाडू आधी गाठण्याची संधी सोडावी लागली, आणि त्या बदल्यात हजारो मुलींना नववी-दहावीत नुसते खेळण्याची मोकळीक मिळाली. मुलांना वेळ द्यायचा असेल तर तो मोठ्यांनी आपल्या पदरचा द्यावा लागतो. दुसरीकडून तो येत नाही.